उंदराच्या आधी खोलीतले क्षेत्र मोजा

क्षीण चुंबकीय क्षेत्राचा प्राण्यांच्या वेदनासंवेदनेवर काय परिणाम होतो, या विषयात काम करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा पहिल्यांदा कॉइल (चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारे तारेचे वेटोळे) कोणती घ्यावी, हेच विचारतात. माझीही सुरुवात तिथूनच झाली आणि त्यापायी पाच महिने वाया गेले.

चाचणी दिसायला सोपी असते. सुमारे 50 अंश सेल्सिअसला तापवलेल्या हॉट प्लेटवर उंदीर ठेवायचा, तो पंजा चाटेपर्यंतचे सेकंद मोजायचे (जितके जास्त, तितकी वेदना कमी) आणि त्याला लगेच उचलायचे. ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्याने पंजा चाटला नाही तरी उचलायचेच, कारण इजा होता कामा नये. माझ्या नोंदींत हे सेकंद एका दिवशी वाढत आणि दुसऱ्या दिवशी घटत, आणि मी दोष उंदरांना देत होतो. अखेर एका तंत्रज्ञाने पिंजऱ्यांच्या फळीवर चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर ठेवला, तेव्हा भिंतीपलीकडच्या डीप फ्रीजरचा कॉम्प्रेसर सुरू होताच आकडा उसळला. कॉइलमधून जेवढे क्षेत्र मी मोजूनमापून देत होतो, त्याच्या तोडीचे क्षेत्र फ्रीजर फुकट देत होता.

मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवण्यात आली, हे मला शाळेपासून ठाऊक होते. आसपासची वीज चुंबकीय मोजमाप बिघडवते, हा त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी कळला.

या विषयातले बरेचसे मूळ काम कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या लंडन शहरात झाले. कॅव्हेलियर्स आणि ऑसेनकॉप यांनी 1980च्या दशकात दाखवले, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या उंदरांमध्ये मॉर्फिनचे वेदनाशमन कमी होते. पुढे 2002 मध्ये आलेला शोधनिबंध मी नवख्यांना सर्वांत आधी वाचायला देतो. म्यू-मेटलच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या पेटीत ठेवल्यावर उंदरांमधले ताणजन्य वेदनाशमन (ताणामुळे वेदना कमी जाणवणे) घटले, पण कॉइल वापरून पृथ्वीचे स्थिर क्षेत्र शून्यावर आणले तेव्हा ते घटले नाही. दोन्हीकडे स्थिर क्षेत्र जवळजवळ नाहीसे होते. फरक इतकाच, की पेटी आसपासच्या यंत्रांची आणि वायरिंगची बदलती क्षेत्रेही अडवते, तर कॉइल ती तशीच राहू देते. म्हणजे ज्याला आपण पार्श्वभूमी म्हणून सोडून देतो, तीच प्राण्यापर्यंत पोहोचत असावी. त्याच गटाला 2005 मध्ये, रोज तासभर पेटीत ठेवलेल्या उंदरांमध्ये काही दिवसांनी उलट वेदनाशमनच दिसले आणि मॉर्फिनसारख्या ओपिऑइड द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन हे औषध दिल्यावर ते नाहीसे झाले. म्हणून मार्ग ओपिऑइडचा मानला जातो.

तेव्हा प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज करण्यापूर्वी रिकाम्या पिंजऱ्याच्या जागी चोवीस तास क्षेत्र नोंदवावे आणि त्यात स्थिर भाग व घरगुती विजेचा 50 हर्ट्झचा भाग वेगळे दाखवावेत. कॉइल बंद ठेवलेल्या गटालाही हाताळणी तीच मिळावी, आणि स्टॉपवॉच धरणाऱ्याला गट ठाऊक नसावा. पेटीतला प्रकाशही लिहून ठेवावा, कारण त्यानेही निकाल बदलतो. माझ्या पहिल्या वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.