जोर नंतर, आधी विचारपूस

‘जोरात दाबा हो, मला काही होत नाही,’ असं म्हणणारा क्लायंट टेबलावर आला की नवशिक्या थेरपिस्टला चेव येतो. नेमका तेव्हाच हात आवरायचा. मसाज किती दुखला यावरून तो किती चांगला झाला हे ठरत नाही, आणि निम्मं काम तर हाताला तेल लावायच्या आधीच होतं.

‘काही आजार आहे का?’ असं मोघम विचारू नका, उत्तर ‘नाही’च येणार. ‘रोज कुठल्या गोळ्या घेता?’ असं विचारा. बीपी नाही म्हणणारे लगेच बीपीची गोळी सांगतात. गोळीने ताब्यात आहे म्हणजे नाहीच, असा त्यांचा हिशेब! रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर खोल दाब नको, अंगावर काळेनिळे डाग उठतात. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर झालेले असू शकतात, तिथे ‘दुखतंय का?’ विचारून उपयोग नाही, हात हलकाच ठेवा. बदामाचं तेल वापरत असाल तर ॲलर्जी विचारा. ताप किंवा पसरणारा त्वचारोग असेल तर पुढची वेळ द्या.

एक लक्षण मात्र पाठच करा: एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर, दुखरी. आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी पाय सोडून बाकीचं करू, हा विचारही नको. मसाज रद्द, आणि क्लायंटला लगेच डॉक्टरकडे पाठवा. फी बुडाली तर बुडाली.

कपडे किती काढायचे हे क्लायंट ठरवेल. तुम्ही खोलीबाहेर थांबा, दार वाजवूनच आत या. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं चादरीखाली. पालथं झोपवलं तर घोट्यांखाली, उताणं झोपवलं तर गुडघ्यांखाली लोड द्या. गर्भवती बाईला, विशेषतः पुढच्या महिन्यांत, कुशीवरच झोपवा.

तेल आधी तळहातावर घेऊन कोमट करा, मग अंगाला लावा. सुरुवात लांब, सावकाश हातांनी, हातापायांवर हृदयाच्या दिशेने. दाब कसा वाटतोय ते दहापैकी आकड्यात विचारा. सातच्या पुढे मी जात नाही. पण आकड्यापेक्षा अंगावर विश्वास ठेवा. तोंडाने ‘चालेल, चालेल’ चालू असतं आणि तिकडे पायाची बोटं आखडलेली असतात, श्वास अडकलेला असतो. तिथेच दाब कमी करा, श्वास मोकळा झाला की मग पुढे. मानेची पुढची बाजू, काख, गुडघ्यामागची खळगी आणि थेट मणक्यांवर जोर लावायचाच नाही.

‘तुमचा मणका सरकलाय’ असलं निदान आपण करायचं नाही. मसाजने अंगातली विषारी द्रव्यं निघतात, हेही सांगू नका, कारण ते खरं नाही. एखाद-दोन दिवस अंग थोडं ठणकेल, एवढं सांगा. संपल्यावर लगेच उभं करू नका, चक्कर येते. आधी मिनिटभर टेबलाच्या कडेला बसू द्या.

कुणी नको ती मागणी केली तर हसून टाळत बसू नका. हात काढा, ‘सेशन इथेच संपलं’ म्हणा आणि खोलीबाहेर पडा.

आता स्वतःचं. या धंद्यात आधी जातो तो अंगठा. रुंद भागावर कोपराखालचा हात वापरा, पाय मागे-पुढे ठेवून अंगाचा भार टाका. टेबलाशेजारी हात सोडून उभं राहिल्यावर मुठीची बोटं टेबलाला टेकली, तर उंची साधारण बरोबर. दोन क्लायंटच्या मध्ये इतका वेळ ठेवा की हात धुऊन, चादर बदलून, पाणी पिऊन होईल.

आणि तेलकट टॉवेल ड्रायरमधून काढून गरमागरमच गठ्ठ्याने कपाटात कोंबू नका. धुऊनही तेल थोडं उरतंच, ते आतल्या आत तापत जातं आणि गठ्ठा पेट घेऊ शकतो. पसरून पूर्ण गार करा, मगच घड्या घाला.