सोलापुरातल्या ज्येष्ठांसाठी योजना: अर्जाआधी आधार नीट करा

स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशावर राहू पाहणाऱ्या ज्येष्ठांसाठी योजना बऱ्याच आहेत. अडतं ते बहुतेक वेळा कागदावर.

१. आधी आधार. जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि बोटांचे ठसे तपासा. अनेकांच्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी टाकलेली असते, आणि वय दोन-चार वर्षं कमी लागलं की पुढचं सगळं लांबतं. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून पक्का पुरावा हाती आल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका.

सोलापुरातली खरी अडचण ठशांची. विडी वळण्यात किंवा मागावर हयात गेलेल्यांचे ठसे झिजतात आणि मशीन ते वाचत नाही. प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन असेल तर हयातीचा दाखला चेहऱ्यावरून द्या. अँड्रॉइड फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अॅप लागतात; फोन नातवाचा असला तरी चालतो. उजेड समोरून घ्या, पाठीमागे खिडकी नको. हा दाखला १२ महिने चालतो.

२. मग बँक. खात्याला आधार जोडलेला असणं पुरेसं नाही, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग, म्हणजे हे पैसे याच खात्यात यावेत अशी आधारवर केलेली नोंद, वेगळं लागतं. दोन-तीन खाती असतील तर सरकारी पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांचे पैसे पुष्कळदा विसरलेल्या खात्यात पडून असतात. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

३. वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली की श्रावणबाळ योजना: महिना १,५०० रुपये, अर्ज तहसीलमधल्या संजय गांधी (निराधार योजनेच्या) शाखेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. ही मर्यादा आजच्या काळात हास्यास्पद आहे, पण दाखल्यावर तीच लागते.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा २ लाख. अर्ज सुरू आहेत का, हे समाजकल्याण कार्यालयात आधी विचारा. खरेदीचं बिल ३० दिवसांत द्यावं लागतं, तेव्हा दुकानातून पक्कं बिलच घ्या.

४. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ नंतर मोफत. मोफत असलं तरी वाहकाकडून शून्य रकमेचं तिकीट घ्या. सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे: पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला चालते, गाणगापूरला जाताना हद्दीपुढचे पैसे पडतात.

५. सत्तरी झाली की उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर रक्कम दोघांत मिळून. बाह्यरुग्ण तपासणी यात नाही. दाखल होतानाच आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) कार्ड दाखवा, बिल भरून मागाहून परतावा मागू नका.

६. घर मुलांच्या नावे करायचं असेल तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहूनच घ्या. ज्येष्ठांच्या देखभालीच्या २००७ च्या कायद्यानुसार अट मोडल्यास ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर सिद्ध करणं जड जातं. पोटगीसाठी अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा.

छळ होत असेल किंवा कुठे जावं कळत नसेल तर १४५६७ वर फोन करा. ही मोफत हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. रात्री-अपरात्री ११२.