शेतीच्या आर्थिक इतिहासात येताय? मग आधी आणेवारी समजून घ्या

कायमधारा, रयतवारी, महालवारी हा इंग्रजांच्या सारापद्धतींचा पाढा तुम्हाला येतो असं धरून चालते. 1875चे दख्खनचे दंगे, 1879चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा, साठच्या दशकातली हरितक्रांती हेही पाठ असणार. नेट-सेटला तेवढं पुरतं. पण पीएच.डी.ला किंवा एम.ए.च्या प्रबंधाला भारतीय शेतीचा आर्थिक इतिहास घेतलात की हा पाढा लवकरच संपतो आणि समोर तक्ते येतात. तिथे माणसं बुडतात. मीही बुडाले होते आणि अजून पुरती कोरडी झालेली नाही.

सगळे तक्ते वाईट नसतात. मी बोलतेय ते 1947पूर्वीच्या पीक-उत्पादनाच्या तक्त्यांबद्दल. 'ज्वारी : अमुक लाख टन' असं छापलेलं दिसलं की वाटतं, कुणीतरी कुठेतरी ती ज्वारी मोजली असेल. कुणीही मोजलेली नसते. तो आकडा म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार : पेऱ्याचं क्षेत्र, ठरवून दिलेला 'सामान्य' एकरी उतारा (म्हणजे एकरामागे निघणारं पीक) आणि त्या वर्षाची आणेवारी (म्हणजे यंदाचं पीक किती आणे आलं याचा अंदाज).

यातलं क्षेत्र मुंबई इलाख्यात बऱ्यापैकी भरवशाचं आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1835-36च्या सुमारास इंदापूर तालुक्यात शेतवार मोजणी सुरू केली, सर्व्हे नंबर पडले आणि गावच्या दप्तरात पेरा नोंदला जाऊ लागला. बंगालात कायमधारा, म्हणजे सारा कायमचा ठरलेला, असल्यामुळे सरकारला गावपातळीवर नोंदी ठेवायची गरजच नव्हती. तिथला पेरा गावच्या चौकीदाराच्या सांगण्यावर लिहिला जायचा. म्हणून 'ब्रिटिश हिंदुस्थान – एकूण' ही शेवटची ओळ बघून हुरळू नका, तिच्यात इंदापूरची मोजणी आणि चौकीदाराचा अंदाज एकत्र कालवलेला आहे.

सामान्य उतारा काढायचा तर अधिकारी स्वतःच्या डोळ्यांना 'सरासरी' वाटणारं शेत निवडायचा, तिथे कापणी करून वजन घ्यायचा आणि तो आकडा पुढची काही वर्षं तसाच वापरात राहायचा.

आणि मग आणेवारी, जी मला नडली. पीक डोळ्यांनी बघून 'यंदा इतके आणे' असं ठरवायचं. कुठे 16 आणे म्हणजे सामान्य पीक धरायचे, कुठे 12. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण पहिल्यांदा ते कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. समजा पेरा 1,000 एकर आणि सामान्य उतारा एकरी 500 पौंड. आणेवारी आली 12. जिथे 16 हे सामान्य मानतात तिथे उत्पादन निघेल 3,75,000 पौंड. जिथे 12 हेच सामान्य, तिथे 5,00,000. शेत तेच, पीक तेच आणि फरक सव्वा लाख पौंडांचा. दोन प्रांतांची तुलना करायला निघालात तर तुम्ही शेतीची नव्हे, कारकुनी रिवाजांची तुलना करत असता, आणि आलेख इतका सुंदर येतो की शंकाही येत नाही.

एवढ्यावर भागत नाही. आणेवारीवर वसुली अवलंबून असे. खेडा जिल्ह्यात 1918 साली जो सत्याग्रह झाला त्याच्या मुळाशी हाच आकडा होता. पीक चार आण्यांपर्यंतच आलं असेल तर त्या वर्षीची पूर्ण सारावसुली तहकूब करायची, असा नियम होता. शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांच्या आत आहे, सरकारचे आकडे सांगत होते की वर आहे. म्हणजे ज्याला आपण 'डेटा' म्हणून एक्सेलमध्ये भरतो, त्यासाठी माणसं जप्तीला सामोरी गेली होती. असा आकडा तटस्थ कसा असेल? गावाला तो खाली हवा, कचेरीला वर. मला ही गोष्ट गांधीजींच्या चळवळीचा भाग म्हणून शाळेपासून ठाऊक होती. माझ्या तक्त्याशी तिचा संबंध असेल हे मात्र सुचलं नव्हतं.

आता घाबरू नका, मोठमोठे लोक यावर भांडलेले आहेत. अभ्यासक जॉर्ज ब्लिन यांनी 1966मध्ये याच सरकारी आकड्यांवरून मांडलं की 1891 ते 1947 या काळात अन्नधान्याचं उत्पादन वर्षाला जेमतेम 0.11 टक्क्याने वाढलं आणि लोकसंख्या 0.67 टक्क्याने. ॲलन हेस्टन यांनी 1973मध्ये उताऱ्याच्या आकड्यांवरच प्रश्नचिन्ह लावलं. तुम्ही कुणाच्या बाजूने आहात हे परीक्षक विचारतीलच. 'दोघांचंही बरोबर आहे' असं उत्तर देऊ नका, फार वाईट दिसतं.

चाळीसच्या दशकात यादृच्छिक नमुन्याने, म्हणजे शेत मर्जीने न निवडता, पीककापणी प्रयोग रुजू लागले. त्यामागे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे ही आपली माणसं होती. सुखात्मे आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा वाद जरूर वाचा. कापणीचा तुकडा लहान घेतला तर कडेची ताटं आत ओढली जातात आणि उतारा फुगतो, असं सुखात्म्यांचं म्हणणं. वाद शुष्क वाटेल, पण त्यातून मला जितकं कळलं तितकं कुठल्याही कार्यशाळेत कळलं नाही. कार्यशाळांबद्दल माझं मत तसंही बरं नाही, चहा चांगला असतो.

व्यवहारात काय करायचं? क्षेत्र, उतारा आणि आणेवारी हे तीन रकाने कायम वेगळे ठेवा, नुसतं उत्पादन कधीच उतरवून घेऊ नका. सरकारी हंगाम-पीक अहवालाची सुरुवातीची, कंटाळवाणी पानं तक्त्यांच्या आधी वाचा, सामान्य उतारा कधी बदलला ते तिथेच सापडतं. चाळीसच्या दशकाच्या अलीकडची आणि पलीकडची मालिका एका रेघेने जोडू नका. तयार डेटासेट कुणी पाठवला तर आभार माना आणि मूळ खंड उघडा. मुंबईचा मण 28 पौंडांचा आणि बंगालचा 82 पौंडांहून जास्त, हेही ध्यानात ठेवा. शेतीचं वर्ष जुलै ते जून असतं, हे तर तुम्हाला माहीत आहेच.

सगळंच असं डळमळीत आहे असं समजून विषय सोडू नका. भाव, पाऊस, निर्यात, पेऱ्यातले बदल यांचे आकडे बरेच धड आहेत. अमेरिकन यादवीत, 1861 ते 65, कापसाचे भाव चढले आणि मग कोसळले, सावकाराचं कर्ज फुगलं, पुढे 1875च्या दंग्यांत पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली गेली. ही साखळी मांडायला एकरी उतारा लागतच नाही. एकेका गावाची पाहणीही फार मोलाची. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागरची पाहणी 1917मध्ये छापली. 1771 साली तिथे सरासरी जमीनधारणा 40 एकरांची होती, 1914-15ला 7 एकरांवर आली. आज तिथे सोसायट्यांचे टॉवर आहेत आणि पार्किंगवरून भांडणं होतात. देशपातळीवर तेच चित्र हेक्टरात दिसतं : 1970-71ला सरासरी 2.28, 2015-16ला 1.08.

गाइडबद्दल एकच सांगते. मोठं नाव बघू नका, तुमच्या तक्त्याखालची तळटीप वाचणारा माणूस बघा. माझ्या ओळखीत नामांकित गाइडकडे गेलेले तिघं-चौघं प्रस्तावनेवरच रेंगाळलेत. आणि मोडी शिका. एकोणिसावं शतक घेणार असाल तर इंग्रजी अहवाल पुरतील असं लोक सांगतील. नाही पुरत. गावचं दप्तर मोडीत आहे आणि अहवालातला आकडा त्या दप्तरातूनच वर गेलेला आहे.

नोकरीचं खरं सांगायचं तर या विषयाच्या जागा फार थोड्या निघतात. पण आणेवारी कळलेल्या माणसाला आजची पैसेवारीही (तीच गोष्ट, आण्यांऐवजी पैशांत) कळते, आणि ती अजून जिवंत आहे. 50 पैशांच्या आत की वर यावर महाराष्ट्रात दरवर्षी तालुक्या-तालुक्यांत ओढाताण चालते. पीकविमा, ग्रामीण पतपुरवठा, पाहणी करणाऱ्या संस्था इथे हे ज्ञान कामी येतं. पगार बेताचा असतो, पण वेळेवर येतो.

सुरुवात पुण्यात गोखले संस्थेच्या ग्रंथालयातून करा, मग मुंबईला काळा घोड्याजवळच्या अभिलेखागारात जा. विद्यापीठाचं ओळखपत्र आणि गाइडचं पत्र बरोबर असू द्या. पहिल्याच दिवशी उत्पादनाचे खंड मागू नका. महसूल खात्यातला, तुमच्या तालुक्यातल्या तहकुबीचा पत्रव्यवहार मागा. कलेक्टर आणि मामलेदार आण्यांवरून एकमेकांना काय लिहीत होते, ते त्यातच आहे.