अमेरिकेच्या व्याजदराचा परिणाम विट्यात बसून कसा ताडून पाहावा

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करणारे, देशभर पसरलेले असल्यामुळे येथे सोन्याचा भाव घरोघरी रोज विचारला जातो. मात्र तो भाव कशामुळे हलला, याची फोड क्वचितच कोणी करतो. ही फोड करण्याची सवय लावून घेतली, तर शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांतील चढउतारही बरेचसे उलगडू लागतात.

सुरुवात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हपासून करावी. या मध्यवर्ती बँकेची व्याजदर ठरवणारी समिती वर्षातून आठ नियोजित बैठका घेते आणि निर्णय आपल्याकडे रात्री साडेअकराला, तर तिकडील हिवाळ्यात साडेबाराला कळतो. दर वाढणार असे दिसू लागले, की अमेरिकी सरकारी रोख्यांचा परतावा वाढतो, जगभरचा पैसा जोखीम सोडून तिकडे वळतो, डॉलर वधारतो आणि परदेशी संस्थांनी आपल्याकडील शेअर विकून डॉलर नेले, की रुपयावर ताण येतो. मार्च 2022 ते जुलै 2023 या काळात हा दर शून्याजवळून 5.25 ते 5.50 टक्क्यांवर नेण्यात आला. त्याच काळात, ऑक्टोबर 2022 मध्ये, एका डॉलरसाठी प्रथमच 83 रुपयांहून अधिक मोजावे लागले.

आता वही घेऊन सोन्याचा हिशोब मांडावा. जागतिक भाव औंसाचा असतो आणि एक औंस म्हणजे सुमारे 31.1 ग्रॅम. समजा, औंस 2,000 डॉलरला आणि डॉलर 80 रुपयांना आहे, तर दहा ग्रॅमचा भाव कर सोडून सुमारे 51,440 रुपये होतो. व्याजदर वाढल्याने औंस 1,900 डॉलरवर उतरला, पण डॉलर 84 रुपयांवर गेला, तर तोच भाव सुमारे 51,310 रुपये येतो. जगात सोने पाच टक्क्यांनी उतरूनही आपल्या पेठेत ते जागचे हलत नाही, ते यामुळे. माझ्या मते हा एक हिशोब स्वतःच्या हाताने करणे दहा बातम्या ऐकण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

शेअर बाजारात असा थेट हिशोब जमत नाही. दरवाढ अपेक्षितच असेल, तर तिचा परिणाम भावात आधीच उतरलेला असतो. म्हणून निर्णयाबरोबरच अपेक्षा काय होती, हेही वहीत टिपावे आणि केवळ दुसऱ्या दिवशीची घसरण पाहून मासिक एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवायची ठरावीक रक्कम, बंद करू नये.

प्रत्येक हालचालीचे मूळ अमेरिकेतच शोधू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. 23 जुलै 2024 रोजी अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क 15 वरून 6 टक्के करण्यात आले आणि देशातील भाव एकदम उतरला. म्हणून वहीत औंसाचा भाव आणि डॉलरचा दर यांच्याशेजारी आयात शुल्काचा तिसरा रकाना ठेवावा, आणि पेठेतला भाव हलला की आधी या तिन्हींपैकी काय बदलले ते पाहावे.