क्रॉस-कंट्री स्कीपटू व्हायचं तर: मे महिन्यापासूनची तयारी

नॉर्वेतल्या क्रॉस-कंट्री स्कीपटूचं नवं वर्ष १ मेला सुरू होतं. तोवर खोऱ्यांतला बर्फ वितळून गेलेला असतो आणि पहिली महत्त्वाची शर्यत थेट नोव्हेंबरच्या अखेरीस, फिनलंडमधल्या रुका इथे. मधले जवळपास सात महिने धावणं, सायकल, काठ्या घेऊन डोंगर चढणं आणि चाकांच्या स्कीवर डांबरी रस्ता तुडवणं. हे महिने ज्याला मनापासून आवडतात तोच या खेळात टिकतो. बर्फावरचा वेग त्यातूनच येतो.

वरच्या पातळीवरचे खेळाडू वर्षाला ७५० ते ९५० तास सराव करतात. सोळाव्या वर्षी साधारण ४०० तास पुरतात. पुढे दरवर्षी ५०-७० तासांची भर घालत जायचं, त्यापेक्षा घाई नको. या तासांपैकी ८५ ते ९० टक्के सराव सावकाश असतो. नॉर्वेत तीव्रतेचे पाच टप्पे मानतात. पहिल्यात हृदयाचे ठोके कमाल ठोक्यांच्या ५५ ते ७२ टक्के, तिसऱ्यात ८२ ते ८७, पाचव्यात ९२ च्या वर. नवख्यांची जवळजवळ सगळ्यांची चूक एकच असते: पहिल्या टप्प्याचा सराव नकळत दुसऱ्या-तिसऱ्यात जातो. सपाटीवर ठोके १३५ असतात, चढ लागला की १६०. अशा वेळी चढावर चक्क चालायचं. पुढे कुणी निघून गेलं तर जाऊ द्यायचं. सोपा सराव खरोखर सोपा ठेवला नाही, तर आठवड्यातले दोन कठीण दिवस अर्धवट होतात, आणि प्रगती होते ती त्या दोन दिवसांमुळेच. त्यातला एक दिवस तिसऱ्या टप्प्याचा, म्हणजे ८-८ मिनिटांच्या पाच फेऱ्या आणि मध्ये दोन मिनिटं विश्रांती. दुसरा त्याहून जोराचा, ४-४ मिनिटांच्या पाच फेऱ्या आणि मध्ये तीन मिनिटं. शिवाय दोनदा ताकदीचे व्यायाम: पुलअप्स, डिप्स, पोटाचे. दोन्ही काठ्या एकदम रोवून शरीर पुढे खेचायची पद्धत, म्हणजे डबल पोलिंग, आता इतकी महत्त्वाची झाली आहे की खांदे आणि पोट कच्चं असेल तर पायांचा दम वाया जातो.

शैली दोन. क्लासिकमध्ये दोन्ही स्की समांतर रुळांतून सरकतात. स्केटिंगमध्ये पाय तिरके टाकून ढकलायचं असतं. ही दुसरी शैली १९८० च्या दशकात रुजली आणि तेव्हापासून शर्यतींची विभागणी शैलीनुसार होऊ लागली. साहित्यही वेगळं लागतं. स्केटिंगची स्की उंचीपेक्षा १० ते १५ सेंमी लांब, क्लासिकची साधारण २० सेंमी. क्लासिकच्या शर्यतीत काठीची लांबी उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. स्केटिंगमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. जुनी जोडी विकत घेताना आधी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवायची खाच, पाहा. एनएनएन, प्रोलिंक आणि टर्नामिक एकमेकांच्या बुटांना चालतात, जुनं एसएनएस त्यांच्याशी जुळत नाही. स्वस्तात मिळालेले बूट याच कारणानं कपाटात पडून राहतात.

लांबीपेक्षाही महत्त्वाचा असतो स्कीचा कडकपणा, आणि क्लासिकमध्ये तर सगळा खेळ त्याचाच. स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना ही कमान बर्फाला टेकता कामा नये, आणि एका पायावर पूर्ण वजन टाकून रेटा दिला की पूर्ण टेकली पाहिजे. घरी तपासायची रीत सोपी आहे. सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर सारखं उभं राहायचं आणि दुसऱ्यानं बुटाच्या जागी स्की आणि फरशीच्या मधून कागद सरकवायचा. तो मोकळा फिरला पाहिजे. मग सगळं वजन एका पायावर टाकायचं. आता कागद गच्च अडकला पाहिजे. पहिल्यांदाच अडकला तर स्की मऊ, घसरताना कमानीखाली पकडीसाठी लावलेलं वॅक्स बर्फाला घासून ब्रेकसारखं काम करेल. दुसऱ्यांदाही मोकळाच राहिला तर स्की कडक, आणि चढावर पाय मागे निसटेल. मुलांना ‘वाढत्या अंगाची’ म्हणून कडक स्की देऊ नका. निसटणाऱ्या स्कीवर शिकलेलं मूल रेटा द्यायचंच सोडून देतं.

त्या कमानीखाली पकडीचं वॅक्स लागतं, पुढच्या-मागच्या भागाला घसरणीचं. पकडीच्या कांड्या रंगानुसार असतात: हिरवी कडक थंडीसाठी, निळी मध्यम, जांभळी शून्याजवळ, लाल ओल्या बर्फासाठी. निळी एक्स्ट्रा नव्या बर्फावर साधारण उणे १ ते उणे ७ अंशांपर्यंत चालते. आधी तळ बारीक सँडपेपरनं खरवडायचा आणि बाइंडर, म्हणजे वॅक्स धरून ठेवणारा पहिला थर, इस्त्रीनं बसवायचा. मग वॅक्सचे चार ते सहा पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर बुचानं घासून गुळगुळीत करायचा. एकच जाड थर दिला की त्यात बर्फाचे कण रुततात, तिथेच गोठतात आणि स्कीखाली ढेकूळ तयार होतं. लावून झाल्यावर स्की दहा मिनिटं बाहेर ठेवायची, मगच पाऊल टाकायचं. गरम खोलीतून थेट बर्फात गेलात तर हमखास असंच ढेकूळ होतं. वितळून पुन्हा गोठलेल्या, काचेसारख्या बर्फावर कांडी टिकत नाही. तिथे ट्यूबमधलं क्लिस्टर लागतं, काकवीसारखं घट्ट आणि चिकट. ते बोटाला, कपड्यांना, गाडीच्या सीटला, सगळीकडे लागतं, म्हणून सवयीचे लोक हातमोज्यांची वेगळी जोडीच ठेवतात. सगळ्यांत अवघड म्हणजे शून्य अंश आणि ताजी हिमवृष्टी. सावलीत कोरडा बर्फ, उन्हात ओला. अशा दिवशी अनुभवी वॅक्स-तंत्रज्ञसुद्धा सुरुवातीच्या अर्धा तास आधीपर्यंत स्की बदलत असतात.

२०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं, म्हणजे फिसनं, फ्लोरीनयुक्त वॅक्सवर पूर्ण बंदी घातली. ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत. शर्यतीच्या ठिकाणी उपकरणानं स्की तपासतात आणि अंश सापडला तर खेळाडू बाद होतो. तेव्हा कुणाचे जुने ब्रश किंवा जुनी वॅक्सची इस्त्री फुकट मिळाली तरी घेऊ नका. दोष तुमचा नसला तरी अंश तुमच्याच स्कीवर सापडेल.

नॉर्वेतल्या मुलांच्या क्रीडानियमांनुसार सहाव्या वर्षापासून स्थानिक शर्यतींत उतरता येतं, पण अकरावं लागेपर्यंत क्रमवारी लावत नाहीत, आणि राष्ट्रीय अजिंक्यपदासारखी स्पर्धा तेराव्या वर्षाआधी नाही. ऑस्लो-ट्रॉनहाइमकडच्या मराठी घरांत हे समजायला वेळ लागतो. शर्यतीहून आलेल्या मुलाला ‘कितवा आलास?’ विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि ते चांगलंच आहे. सोळाव्या वर्षी वाट फुटते. ज्यांना पुढे जायचं आहे ते स्की-गिम्नासला प्रवेश घेतात: तीन वर्षांचं उच्च माध्यमिक शिक्षण आणि शाळेच्या वेळापत्रकातच बसवलेला सराव. विसाव्या वर्षी ज्युनिअर गट संपतो, आणि विशी ते पंचविशीचा काळ सर्वांत कठीण. राष्ट्रीय संघात जागा मोजक्या असतात, प्रायोजक नाव झाल्याशिवाय येत नाहीत, आणि स्कीच्या जोड्या मात्र दहा-बारा तरी लागतात. बहुतेक जण या वयात अर्धवेळ नोकरी किंवा विद्यापीठाचं शिक्षण सोबत ठेवतात. ते ठेवावंच असं आमचं ठाम मत आहे. लांब पल्ल्याच्या स्कीपटूचं शरीर विशीच्या उत्तरार्धात पिकतं, आणि तिथवर पोचायला घरभाडं देता आलं पाहिजे.

वर चढायचं ते फिसच्या गुणांवर, आणि हे गुण जितके कमी तितके चांगले. एकेकट्यानं सुरुवात होणाऱ्या शर्यतीत तुमची वेळ भागिले विजेत्याची वेळ, त्यातून १ वजा करून ८०० नं गुणायचं. विजेता २५ मिनिटांत आणि तुम्ही २७:३० ला आलात तर ८० गुण. त्यात शर्यतीच्या दर्जानुसार अधिभाराचे गुण जोडतात. वर्षभरातल्या उत्तम पाच शर्यतींची सरासरी धरतात. सामूहिक सुरुवातीच्या शर्यतीला हाच गुणक १४०० असतो, म्हणून तिथे मागे पडणं महाग जातं. गुणांसाठी आठवड्याला दोन शर्यती गाठत युरोपभर फिरणारे जानेवारीतच थकून जातात.

शरीराकडून मिळणाऱ्या तीन इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू नका. शर्यतीनंतर तासन्‌तास चालणारा कोरडा खोकला: थंड कोरड्या हवेनं श्वासनलिका आकसतात आणि दमा या खेळात सर्रास आढळतो. सरावात उष्णता राखणारा मास्क वापरा आणि फुप्फुसांची तपासणी करून घ्या. दम्यावरच्या सॅल्ब्युटामॉलच्या पंपाला परवानगी आहे, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० ही मर्यादा आहे. दुसरा, मुलींची पाळी तीन महिने चुकणं. याचा अर्थ बहुधा खाणं सरावाला पुरत नाही. हलकं झालं की वेग वाढतो, हा समज काही महिने खरा वाटतो, मग हाडं मोडू लागतात. तिसरा, ताप. ताप असताना सराव नाही, आणि उतरल्यावरही दोन दिवस फक्त चालणं. थंडीबाबत नियमच आहे: मार्गावरच्या सर्वांत थंड जागी उणे २० च्या खाली पारा गेला तर फिसची शर्यत होत नाही.

भारतात हा खेळ मुख्यतः लष्कर आणि हिमालयातल्या राज्यांनी जपला आहे. हिवाळी ऑलिंपिकमध्ये २०१४ ला सोचीत नदीम इक्बाल आणि २०१८ ला प्याँगचँगला जगदीश सिंग १५ किमीच्या शर्यतीत उतरले. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत पदकं मिळवणारी भवानी टी. एन. तर कर्नाटकातल्या कोडगूची, म्हणजे बर्फ नसलेल्या प्रदेशातून आलेली. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. पुण्याहून थेट गेलात तर पहिले चार-पाच दिवस फक्त पहिल्या टप्प्याचा सराव.

पुण्यात किंवा नाशिकात राहून सुरुवात करायची तर पहिली खरेदी बर्फावरच्या स्कीची नाही, चाकांच्या स्कीची. खडबडीत डांबरासाठी रुंद रबरी चाकं घ्या. क्लासिकच्या जोडीत चाक मागे फिरू नये म्हणून कुलूप असतं, त्यामुळे पकड नेहमीच पक्की मिळते, आणि त्यातूनच एक वाईट खोड लागते: पाय मागे गेल्यावर उशिरा रेटा द्यायची. बर्फावर तोच पाय निसटतो. म्हणून पाय शरीराच्या बरोबर खाली असतानाच रेटा द्यायची सवय लावा. काठ्यांची कार्बाइडची टोकं दर आठवड्याला डायमंड कानशीनं धारदार करा, बोथट टोक घसरलं की कोपर दुखावतं. या स्कींना ब्रेक नसतो. पहिले दोन महिने हेल्मेट घालून, उतार नसलेला रस्ता निवडा आणि पहाटे सहाच्या आत घरी परता.