बेंझोइक आम्लाचा हायड्रोजन नेमका कुठे?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मला बेंझोइक आम्लाची स्फटिकरचना, म्हणजे स्फटिकात कोणता अणू कुठे बसलाय ते, क्ष-किरणांनी काढायला दिली होती. ती १९५५ सालीच प्रसिद्ध झालेली. आपला हात बसावा एवढाच हेतू. या कामात नव्यानं येणाऱ्यांनी हीच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

आधी स्फटिक. गरम पाण्यातून पांढरे चमचमते पापुद्रे मिळतात, पण ते फार पातळ असतात. मी थोडं आम्ल इथेनॉलमध्ये विरघळवलं, छोट्या बाटलीच्या तोंडावर पॅराफिल्म (मेणासारखी ताणली जाणारी पातळ फिल्म) ताणून सुईनं तीन भोकं पाडली आणि बाटली कपाटात ठेवून दिली. पाच दिवस हात लावला नाही. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक फिरवून पाहा: चांगला एकस्फटिक (सलग एकाच मांडणीचा स्फटिक) दर ९० अंशांना सगळा एकदम काळा होतो. तुकड्यातुकड्यानं काळा होणारा बाजूला ठेवा. इथे घाई केलीत तर पुढचा सगळा आठवडा वाया जातो.

रचना सुटली तेव्हा पडद्यावर दोन रेणू समोरासमोर होते. एकाचा ओ-एच दुसऱ्याच्या कार्बोनिल (कार्बनशी दुहेरी बंधानं जोडलेल्या) ऑक्सिजनला धरून, दुसऱ्याचा पहिल्याला. आठ अणूंचं कडं, दोन ऑक्सिजनमधलं अंतर सुमारे २.६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग). हायड्रोजन मी सॉफ्टवेअरला बसवायला सांगितला, त्यानं बसवला, आर-फॅक्टर (मोजमाप आणि मांडलेली रचना यांतली तफावत) उतरला. मी खूश.

सरांनी एकच विचारलं, "हा याच ऑक्सिजनवर कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कड्याच्या मधोमध सममिती-केंद्र असतं, म्हणजे त्या बिंदूतून उलटवला की एक रेणू दुसऱ्यावर बसतो, त्यामुळे एका रेणूतला हायड्रोजन पलीकडच्या ऑक्सिजनवर नेला की दुसऱ्यातलाही आपोआप तिकडे जातो. चुकीच्या जागी ठेवला तरी कडं तितकंच देखणं दिसतं! खरी साक्ष कार्बन-ऑक्सिजन बंधांच्या लांबीची. एक बंध १.२२ च्या आसपास आणि दुसरा १.३१ च्या आसपास असेल, तर हायड्रोजन लांब बंधाच्या ऑक्सिजनवर. माझ्याकडे मात्र दोन्ही लांबी एकमेकींच्या जवळ आलेल्या होत्या. खोलीच्या तापमानाला या आम्लात काही जोड्यांत हायड्रोजन इकडे, काहींत तिकडे असतो, म्हणून मोजलेली लांबी दोन्हींची सरासरी येते. स्फटिक थंड केला की एका मांडणीचं प्रमाण वाढतं आणि दोन लांबींतला फरक उघड होतो.

तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी हायड्रोजनशिवाय रचना शुद्ध करायची (मोजमापाशी जुळवत न्यायची), डिफरन्स मॅपमध्ये (रचनेत न धरलेले इलेक्ट्रॉन दाखवणाऱ्या नकाशात) दोन्ही ऑक्सिजनांजवळ शिखर दिसतं का ते पाहायचं, दोन्हीकडे असेल तर हायड्रोजन दोन जागांत वाटायचा आणि वाट्यांची बेरीज १ ठेवायची. क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात. हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे ओढलेला असतो, म्हणून ओ-एच बंध खऱ्यापेक्षा आखूड दिसतो. हायड्रोजन बंधाची तुलना करताना ऑक्सिजन-ऑक्सिजन अंतरावर भर द्या. खुद्द हायड्रोजनची जागा हवी असेल तर न्यूट्रॉन विवर्तनाचा (त्यात अणुकेंद्रं दिसतात) आधार घ्यावा लागतो.

मग भावंडांकडे वळा. सॅलिसिलिक आम्लात शेजारचा ओ-एच आपल्याच रेणूतल्या कार्बोनिलला धरतो, तरी बाहेरची जोडी टिकते. टेरेफ्थॅलिक आम्लात दोन आम्लगट (सीओओएच) बेंझिनच्या कड्यावर समोरासमोर, म्हणून सरळ साखळ्या, आयसोफ्थॅलिकमध्ये नागमोडी. ट्रायमेसिक आम्ल तर कागदावर काढूनच पाहा: १२० अंशांवर तीन गट, सहा रेणू मिळून मधाच्या पोळ्यासारखा षट्कोन, मध्ये सुमारे १४ अँगस्ट्रॉमची पोकळी. १९६९ साली ही रचना प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की पोकळी रिकामी नाही, तिच्यातून त्याच आम्लाच्या इतर जाळ्या आरपार गेलेल्या आहेत.