कॉम्प्युटर सायन्स घेतलंय, आता पुढं काय? सांगली-मिरजेच्या पोरांसाठी

विश्रामबागेत चहाच्या टपरीवर बीसीएसच्या (बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या) कुठल्याबी पोराला विचारा पुढं काय, तर उत्तर ठरलेलं, पुण्याला जाणार आयटीत. अरे पण आयटीत जाऊन करणार काय? कोड लिहिणार, टेस्टिंग करणार, नेटवर्क सांभाळणार का डेटाबेस? ते ठरल्याशिवाय हिंजवडीत कॉट बेसिसवर पैसे घालवू नका.

पहिलं काम, सेकंड इयरलाच चार-पाच जॉबच्या जाहिराती उघडून पात्रता नीट वाचा. आमच्यात कोणीच वाचत नाही आणि मग लास्ट इयरला धक्का बसतो. बँकेतल्या आयटी ऑफिसरचंच घ्या, आयबीपीएसच्या (सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था) एसओ म्हणजे स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेला नुसती ३ वर्षांची बीएस्सी कॉम्प्युटर चालत नाही, ४ वर्षांचं इंजिनियरिंग लागतं नाहीतर एमसीएसारखं पीजी, किंवा मग ग्रॅज्युएशनवर डोएकची (सरकारी कॉम्प्युटर संस्था, आता नाव नायलिट) बी लेव्हल. म्हणजे बीसीएसवाल्याला बँकेत जायचं तर एमसीए धरूनच चला, ते आता २ वर्षांचं झालंय आणि त्याला राज्याची सीईटी आहे. गेट (एमटेकच्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) थर्ड इयरलापण देता येते. एमपीएससीच्या राज्यसेवेला मात्र कुठलीही डिग्री चालते, पण मग कॉम्प्युटर कशाला घेतलं असं घरचे विचारणारच.

गावातच राहायचं असेल तर तेही जमतं की. मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, बिलिंग आणि लॅब रिपोर्टचं सॉफ्टवेअर कोणीतरी चालवतंच ना? साखर कारखान्यांचं ऊस वजन-बिल आहे, मार्केट यार्डात हळदीच्या अडत्यांचे हिशोब आहेत. पगार पुण्याइतका नाही हे खरं, पण सपोर्टच्या कामात माणूस लवकर तयार होतो, कारण समोरचा व्यापारी तोंडावर सांगतो तुमचं सॉफ्टवेअर बोगस आहे.

आता प्रोजेक्ट. विकतचा प्रोजेक्ट घेऊ नका, हात जोडून सांगतो. मी लास्ट इयरला काकांच्या किराणा दुकानाच्या उधारीचं ॲप केलं, दिसायला अगदी भिकार. त्यात गिऱ्हाइकाचं नावच प्रायमरी की (म्हणजे नोंद ओळखायची खूण, दोघांची एकच चालत नाही) ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी दुसरे संभाजी पाटील आले (आमच्या गल्लीत दोन आहेत), ॲप त्यांची एंट्रीच घेईना, मग काकांनी सरळ पहिल्याच्या खात्यावर साखर-तेल चढवलं आणि महिन्याच्या शेवटी दुकानात जे काय भांडण झालं ते विचारू नका. मग बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा आयडी दिला, जुन्या नोंदी वहीवरून परत भरल्या, दोन रात्री गेल्या त्यात.

इंटरव्ह्यूला सरांनी विचारलं प्रायमरी की म्हणजे काय, बाकीच्यांनी व्याख्या म्हटली, मी दोन पाटलांचं भांडण सांगितलं. पुढची वीस मिनिटं त्यावरच गेली.

एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि एक प्रोग्रामिंगची भाषा धड शिका, जावा नाहीतर पायथॉन, दोन्हीच्या मागं धावू नका. क्लासला पैसे नसतील तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या सरांची लेक्चर फुकट आहेत, परीक्षा दिली तरच फी. आणि केलेला कोड गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकत जा, भिकार दिसला तरी.